दहा कापण्या, पण गावे पाचच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खरीप २०२५ पासून राज्यात पीक विम्याच्या भरपाईचा सारा भार पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे निवडलेल्या शेतातला मोजून आखलेला तुकडा (प्लॉट) कापून केलेल्या वजनावर, आला. पेरणीच न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान हे जोडीचे आधार निघाले. उरला तो महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनाचा एक आकडा. त्यावर वाद खूप झाले: प्रयोग शेतात झाला की कागदावर, कंपनीचा माणूस हजर होता का, शेतकऱ्याला निरोप मिळाला होता का. हे प्रश्न रास्तच आहेत. पण सगळे प्रयोग नियमाने, वेळेवर आणि सचोटीने झाले असे धरले तरी तो आकडा किती पक्का असतो, हे कुणी विचारत नाही. या पत्रात आम्ही तेवढेच विचारत आहोत.

हिशेबाची चौकट बहुतेकांना ठाऊक आहे. मागच्या सात वर्षांतल्या सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढायची, तिला जोखीमस्तराने, म्हणजे योजनेत ठरलेल्या टक्केवारीने, गुणायचे, की उंबरठा उत्पादन मिळते. यंदाचे सरासरी उत्पादन त्याखाली गेले, तर तुटीला उंबरठ्याने भागून विमा संरक्षित रकमेने गुणायचे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत मंडळ हे विमा क्षेत्र असेल तर मुख्य पिकाचे किमान १० प्रयोग हवेत, तालुका असेल तर १६, जिल्हा असेल तर २४. निवडलेल्या गावात दोन प्रयोग ही जुनी रीत आहे. म्हणजे दहा प्रयोग पाच गावांत होतात आणि सगळी गोम तिथेच आहे.

एकाच गावातले दोन प्लॉट सख्ख्या भावांसारखे असतात. पाऊस दोघांवर एकाच दिवशी पडलेला किंवा चुकलेला, जमिनीची खोली साधारण सारखी, पेरणी एकाच आठवड्यातली, बियाणे बहुधा एकाच दुकानातले. पहिल्या प्लॉटने जे सांगितले त्यातले बरेचसे दुसरा पुन्हा सांगतो. त्यामुळे दहा वजने म्हणजे दहा स्वतंत्र साक्षी नव्हेत. किती साक्षी धरायच्या, हे ठरवायला प्रचरणाचे, म्हणजे विखुरणीच्या मापाचे (व्हेरियन्सचे), घटक वेगळे करावे लागतात: गावागावांतला फरक किती, गावाच्या आत प्लॉटप्लॉटातला किती आणि मोजणीतला किती. इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ एअरी यांनी १८६१ मध्येच हा प्रश्न दुर्बिणीतल्या निरीक्षणांबाबत मांडला होता. एका रात्रीच्या सगळ्या नोंदींत त्या रात्रीची एक सामाईक चूक दडलेली असते, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या रात्रीच्या जागी आपले गाव ठेवायचे.

उदाहरण घेऊ. आकडे आम्ही केवळ समजावण्यासाठी रचलेले आहेत. सोयाबीनचे मंडळ, दहा मीटर बाय पाच मीटरचा प्लॉट, म्हणजे ५० चौरस मीटर. प्लॉटच्या किलोंना २०० ने गुणले की हेक्टरी किलो. पाच गावांतली वजने अशी आली: पहिल्या गावात ६.२ आणि ५.६, दुसऱ्यात ४.१ आणि ४.७, तिसऱ्यात ७.० आणि ६.०, चौथ्यात ३.६ आणि ४.८, पाचव्यात ५.३ आणि ४.७ किलो. गावांच्या सरासऱ्या ५.९, ४.४, ६.५, ४.२ आणि ५.०. मंडळाची सरासरी ५.२ किलो, म्हणजे हेक्टरी १,०४० किलो.

आता वही घ्या. प्रत्येक गावात दोन प्लॉटांमधला फरक काढा, त्याचा वर्ग करा, निम्मा करा, पाचही गावांची बेरीज करा. ०.१८, ०.१८, ०.५०, ०.७२, ०.१८ मिळून १.७६ येतात. पाच गावांत प्रत्येकी एक अशा पाच स्वातंत्र्य मात्रा (स्वतंत्रपणे बदलू शकणारे आकडे), म्हणून १.७६ भागिले ५, म्हणजे ०.३५२. हे गावाच्या आतले प्रचरण. मग प्रत्येक गावाच्या सरासरीतून ५.२ वजा करून वर्ग घ्या. त्यांची बेरीज ३.८६ येते. गावात प्लॉट दोन, म्हणून तिची दुप्पट ७.७२, आणि ती चार स्वातंत्र्य मात्रांनी भागली की १.९३. या १.९३ मध्ये गावागावांतला फरक दोनदा आणि प्लॉटांचा फरक एकदा मिसळलेला असतो. म्हणून १.९३ मधून ०.३५२ वजा करून दोनने भागायचे. उत्तर ०.७८९. हा गावांचा घटक.

दोन्ही मिळून १.१४१, आणि त्यात गावांचा वाटा ६९ टक्के. एकूण चढउताराचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग कुठले गाव चिठ्ठीत निघाले यावर ठरला, शेतात दोरी कुठे पडली यावर नव्हे.

सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे दुसरा नमुना निघाला असता तर सरासरी साधारण किती हलली असती याचे माप, काढताना हाच वाटा नडतो. दहाही वजने स्वतंत्र मानून काढली तर ती हेक्टरी ६५ किलो येते. गावे धरून नीट काढली तर १.९३ ला १० ने भागून वर्गमूळ घ्यायचे: ०.४३९ किलो, म्हणजे हेक्टरी ८८ किलो. शिवाय पाच गावांतून चारच स्वातंत्र्य मात्रा मिळतात, म्हणून ९५ टक्के खात्रीच्या पट्ट्यासाठी कोष्टकातला गुणक २ नव्हे, २.७८ लागतो. पट्टा होतो १,०४० अधिक-उणे २४४. ऐंशी पायल्यांची शेते आणि शंभर पायल्यांची शेते यांत फरक कळत नाही म्हटल्यासारखेच हे झाले.

समजा या मंडळाचे उंबरठा उत्पादन १,१०० किलो आहे आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये. तूट ६० किलो, भरपाई हेक्टरी सुमारे २,७२७ रुपये. आता चिठ्ठीत चौथ्या गावाऐवजी तिसऱ्यासारखे भारी जमिनीचे गाव आले असते तर? मंडळाची सरासरी ९२ किलोंनी चढून १,१३२ झाली असती आणि साऱ्या मंडळाची भरपाई शून्य. पीक तेच, पाऊस तोच. आणि एका प्लॉटवर एक किलो इकडचा तिकडे झाला, पोत्याला भोक असो की काट्यात खोट, तर मंडळाची सरासरी २० किलोंनी हलते. उंबरठ्याखाली ते म्हणजे प्रत्येक विमाधारकाचे हेक्टरी ९०० रुपये.

‘कधी इकडे, कधी तिकडे, दीर्घकाळात सगळे सारखेच’ असे यावर हमखास ऐकू येते. ते खरे नाही. भरपाईला खालची बाजू आहे, वरची नाही. आकडा उंबरठ्याच्या वर गेला म्हणून शेतकऱ्याकडून कुणी पैसे परत घेत नाही. खरे उत्पादन नेमके उंबरठ्याइतके, म्हणजे तूट शून्य असली, तरी ८८ किलोंच्या प्रमाण त्रुटीमुळे सरासरीने ३५ किलोंची तूट कागदावर निघते. वरच्या रकमेवर ती हेक्टरी सुमारे १,६०० रुपये होते. हा खर्च कंपनी सोसत नाही. तो विमा हप्त्याच्या दरात शिरतो, आणि तो हप्ता शेतकरी आणि सरकारी तिजोरी मिळून भरतात. उलट बाजूला, जिथे खरोखर ८८ किलोंची तूट आहे अशा सहा मंडळांपैकी साधारण एक मंडळ आकडा उंबरठ्याच्या वर निघाल्यामुळे कोरडे राहते. ज्याला मिळायला नको त्याला मिळते आणि ज्याला हवे तो तलाठ्याच्या नावाने बोटे मोडतो.

यावर सुचवला जाणारा उपाय एकच असतो: प्रयोग वाढवा. घटक हाती असले की वाढवून काय मिळेल, हे आधीच सांगता येते. त्याच पाच गावांत दोनऐवजी चार प्लॉट घेतले, म्हणजे दहाचे वीस केले, तर प्रमाण त्रुटी ८८ वरून ८४ वर येते. दुप्पट मनुष्यबळ, दुप्पट मळणी, आणि मिळकत चार किलो! तेच दहा प्रयोग दहा गावांत एकेक केले, तर ती ६८ वर उतरते. मंडळात गावे मोजकी असल्याने प्रत्यक्षात फरक याहून मोठा पडतो. गावे १५ असतील तर निम्म्याहून जास्त गावे थेट पाहिली जातात, आणि मर्यादित गावांची दुरुस्ती लावल्यावर पाच गावांची त्रुटी ७५ आणि दहा गावांची ५० होते.

दहा गावांत जायला खर्च जास्त, हे मान्य. त्यासाठीही जुने सूत्र आहे. एका नव्या गावात जाण्याच्या खर्चाला त्याच गावातल्या जादा प्लॉटच्या खर्चाने भागा. त्याला प्लॉटांचे प्रचरण भागिले गावांचे प्रचरण, या गुणोत्तराने गुणा. वर्गमूळ घ्या. आलेले उत्तर म्हणजे गावागणिक किती प्लॉट घ्यावेत. आपल्या उदाहरणात ते गुणोत्तर ०.४४६ आहे. नव्या गावाचा खर्च जादा प्लॉटच्या चौपट असला तरी उत्तर १.३ येते. सूत्राचे उत्तर नेमके दोन प्लॉट यायला तो खर्च नऊपट असावा लागेल. दुचाकीवरून शेजारच्या गावाला जाणे दिवसभराच्या कापणी-मळणीच्या नऊपट महाग कसे पडेल? दोन प्लॉटांची रीत पडली तेव्हा ना रस्ते असे होते ना वाहने, आणि तेव्हा आकडा लागायचा तो जिल्ह्यासाठी किंवा राज्यासाठी. मंडळावर भरपाई ठरवण्यासाठी ती रीत कधी बेतलीच नव्हती.

एक अडचण मात्र खरी आहे. गावात प्लॉट एकच असेल तर गावाचा फरक आणि प्लॉटचा फरक वेगळे करता येत नाहीत. म्हणून सगळीकडे एकेक न करता दर मंडळात दोन-तीन गावांत दुसरा प्लॉट ठेवावा. सरासरी पसरलेल्या गावांतून मिळेल आणि घटकांचा अंदाज त्या जोड्यांतून.

आता या पद्धतीचे दुखणे. वरचा ६९ टक्क्यांचा वाटा आम्ही ठणकावून लिहिला खरा, पण एका मंडळाच्या दहा आकड्यांवरून त्याचा ९५ टक्क्यांचा पट्टा काढला तर तो शून्यापासून ९६ टक्क्यांपर्यंत पसरतो. म्हणजे एका मंडळावरून घटकांबद्दल जवळजवळ काहीच सांगता येत नाही. याहून विचित्र गोष्ट, उत्तर ऋण येऊ शकते. गावांचा वर्गमध्य (वरच्या उदाहरणातला १.९३) प्लॉटांच्या वर्गमध्यापेक्षा (०.३५२) लहान निघाला की वजाबाकी शून्याखाली जाते, आणि ऋण प्रचरण असे काही जगात नसते. गावांचा खरा वाटा २० टक्के असला, तरी पाच गावे दोन प्लॉट या मांडणीत दर तीन वेळांत साधारण एकदा असे होते. नवखा माणूस तिथे शून्य लिहितो आणि ‘गावांत फरक नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. ते शून्य म्हणजे एवढ्या सामग्रीत फरक दिसला नाही इतकेच. शिवाय ऋण आकडे शून्य करून उरलेल्यांची सरासरी घेतली तर जिल्ह्याचा अंदाज कारण नसताना फुगतो. सरासरी घ्यायची तर ऋणासकट घ्यावी.

खरा मार्ग मंडळे एकत्र करण्याचा. तीस मंडळांच्या जिल्ह्यात गावांसाठी १२० आणि प्लॉटांसाठी १५० स्वातंत्र्य मात्रा मिळतात. मग गावांच्या वर्गमध्याची सापेक्ष त्रुटी १३ टक्क्यांवर येते, म्हणजे आकडा वापरण्याजोगा होतो. मागची चार-पाच वर्षे जोडली तर आणखी बरा. एकत्र करताना दोन पथ्ये पाळावीत. सातारा, पुणे, कोल्हापूर यांसारख्या जिल्ह्यांत घाटाकडचे तालुके आणि पूर्वेकडचे कमी पावसाचे तालुके एका पोत्यात भरू नयेत. तसेच जिथे उत्पादन जास्त तिथे चढउतारही जास्त असतो, म्हणून किलोंऐवजी त्यांच्या लॉगवर (लॉगॅरिदमवर) काम करावे. लॉग घेताना शून्य उत्पादनाचा प्लॉट अडचणीचा ठरतो. तो गाळण्याचा मोह फार होतो, पण गारपिटीने झोपलेले शेत हेच तर विम्याचे कारण. अशा मंडळात किलोंवरच काम करावे.

प्रत्यक्षातली सामग्री आमच्या उदाहरणासारखी नीटनेटकी नसते. ठरल्या दिवसाआधी शेतकरी सोयाबीन काढून मोकळा झालेला असतो, पाऊस येऊ घातला की तो तरी किती थांबेल? कधी निवडलेल्या गट क्रमांकात सोयाबीनऐवजी तूर निघते. मग एका गावात एकच प्लॉट राहतो आणि दुसऱ्यात तीन होतात. तेव्हा भागाकारात २ घेता येत नाही. एकूण प्लॉट १०, गावनिहाय संख्यांच्या वर्गांची बेरीज २२, तिला १० ने भागून २.२. १० मधून २.२ वजा करून, गावांच्या संख्येतून एक कमी केलेल्या ४ ने भागले की १.९५. तो आकडा वापरायचा. याहून जास्त विस्कटलेल्या सामग्रीसाठी हातची आकडेमोड सोडून संगणकावर चालणारी रेमल (REML) पद्धत घ्यावी. पॅटरसन आणि थॉम्पसन यांनी ती १९७१ मध्ये मांडली. साध्या महत्तम शक्यता (मॅक्झिमम लाइकलिहुड) पद्धतीत सरासरीचा अंदाज घेताना गेलेल्या स्वातंत्र्य मात्रांचा हिशेब राहून जातो आणि प्रचरण कमी दिसते. रेमल तो हिशेब ठेवते. आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एलएमई-फोर हे पॅकेज आहे. मंडळ आणि मंडळातले गाव हे दोन यादृच्छिक घटक द्यायचे, एका ओळीचे काम. प्लॉटसंख्या सगळीकडे सारखी असेल आणि उत्तर धन असेल तर रेमलचे आणि वहीतले उत्तर तंतोतंत जुळते. जुळले नाही तर सहसा गावाचे नाव दोन प्रकारे लिहिलेले असते, ‘खुर्द’ एकदा पूर्ण आणि एकदा नुसते ‘खु.’, आणि सॉफ्टवेअर ती दोन गावे समजते.

मोजणीच्या घटकाबद्दल थोडे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम केलेल्यांना ‘गेज आर अँड आर’ ठाऊक असेल: दहा नग, तीन माणसे, प्रत्येकाने प्रत्येक नग दोन-तीनदा मोजायचा आणि एकूण फरकात नगांचा वाटा किती, माणसांचा किती, उपकरणाचा किती ते काढायचे. मोजणीचा वाटा प्रमाण विचलनाच्या मापात दहा टक्क्यांखाली असला तर उपकरण चांगले, तीसच्या वर गेला तर बाद. बेअरिंगच्या व्यासासाठी आपण हे करतो. ज्या वजनावर लाखो शेतकऱ्यांची भरपाई ठरते त्यासाठी का नाही?

इथे एक फसगत होते. गावात जाणारा कर्मचारी एकच आणि त्या गावचे दोन्ही प्लॉट त्याचेच. मग गावागावांतला फरक हा जमिनीचा की माणसांच्या हाताचा, हे कुठल्याही सॉफ्टवेअरला सोडवता येत नाही. दोन्हींची सरमिसळ होऊन सगळे गावांच्या खात्यावर पडते. उपाय सोपा आणि फुकट आहे. महसूल, कृषी आणि जिल्हा परिषद अशा तिन्ही विभागांचे कर्मचारी हे प्रयोग करतातच. जिथे दुसरा प्लॉट आहे तिथे तो दुसऱ्या विभागाच्या माणसाने करावा. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी बंगालमधल्या ताग पाहणीत एकमेकांत गुंफलेले उपनमुने, म्हणजे एकाच भागातले पण वेगवेगळ्या माणसांनी मोजलेले नमुने, वापरले ते याच कारणासाठी.

हेच घटक आणखी एका कामाला येतात, त्याचा गाजावाजा कमी होतो इतकेच. कापणी खरोखर झाली असेल तर एका गावातले दोन प्लॉट थोडेफार वेगळे येणारच. एखाद्या नोंदकर्त्याच्या सगळ्या जोड्या १००-२०० ग्रॅमच्या आत जुळत असतील, म्हणजे त्याच्या गावांतले प्रचरण आपल्या उदाहरणातल्या ०.३५२ ऐवजी ०.०१ असेल, तर वजने काट्यावर झाली की टेबलावर, हे जाऊन पाहावे. खोटे आकडे रचणारा सरासरी बरोबर साधतो, विखुरणी साधणे त्याला जमत नाही.

मात्र प्रचरणाच्या हिशेबात न पकडल्या जाणाऱ्या चुकाही आहेत आणि त्या जास्त घातक आहेत, कारण प्रयोग कितीही वाढवले तरी त्या घटत नाहीत. ओलावा ही पहिली. सोळा टक्के ओलाव्याचे ५.२ किलो सोयाबीन बारा टक्क्यांवर आणले तर ४.९६ किलो भरते. हेक्टरी ४७ किलोंचा फरक, तोही सगळ्या मंडळभर एकाच दिशेने. म्हणजे ओले वजन तसेच धरले तर ६० किलोंच्या तुटीतले तीन चतुर्थांश वाहून गेले.

दुसरी चूक प्लॉटच्या कडेची. दोरीवर आलेले झाड आत धरायचे की बाहेर? माणसाचा हात आत धरण्याकडे जातो. चारी बाजूंनी पाच सेंटीमीटर जादा गेले तर दहा बाय पाचच्या प्लॉटचे क्षेत्र ३ टक्क्यांनी वाढते, पाच बाय पाचचे ४ टक्क्यांनी, आणि दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे तब्बल १७ टक्क्यांनी. हा वाद जुना आहे आणि त्यातले एक नाव आपल्याच मातीतले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी मुरादाबाद जिल्ह्यातल्या गव्हावरच्या प्रयोगांतून लहान प्लॉट उत्पादन फुगवतात हे दाखवले. १९४६ मध्ये त्यांचे टिपण ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आले. समोर महालनोबिस होते, लहान वर्तुळाकार कापणीचे पुरस्कर्ते. लहान प्लॉट झटपट होतात, म्हणून ते जास्त ठिकाणी घेता येतात आणि प्रचरण कमी होते, हे त्यांचे गणित चुकीचे नव्हते. पण विखुरणी कमी करताना आकडाच सरकत असेल तर त्या नेमकेपणाचे करायचे काय? आज उपग्रह आणि मोबाइल अॅपच्या काळात प्लॉट लहान करण्याचा मोह पुन्हा होईल, म्हणून ही आठवण.

उपग्रहाचा विषय निघालाच आहे तर तंत्रज्ञानाधारित, म्हणजे उपग्रह चित्रांवरून अंदाजलेल्या, उत्पादनाबद्दल. प्रचरणाचे घटक जिथे खरी कमाल करतात ती जागा हीच. कॉर्नेल विद्यापीठातल्या हेंडरसन यांनी गाईगुरांच्या पैदाशीसाठी घटकांवर आधारित भाकितांची पद्धत बसवली: ज्या वळूच्या मुलींच्या नोंदी कमी, त्याचे गुणांकन सरासरीकडे जास्त ओढायचे. हाच विचार मंडळांना लावता येतो. जिल्ह्याची सरासरी १,२०० आणि मंडळामंडळांतले खरे प्रमाण विचलन १२० किलो धरले, तर आपल्या मंडळाच्या आकड्याला ६५ टक्के वजन मिळते आणि सुधारित अंदाज १,०४० ऐवजी १,०९६ येतो.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने सगळ्या मंडळांची मिळून चूक याने घटते. विम्यासाठी मात्र आमचा याला विरोध आहे. तूट ६० वरून ४ किलोंवर आली, ती शेजारच्या मंडळांत पीक बरे आल्यामुळे! ज्या मंडळावर ढग फुटला त्याला जिल्ह्याच्या सरासरीकडे ओढणे म्हणजे त्याचे नुकसान इतरांत वाटून टाकणे. ओढायचेच असेल तर जिल्ह्याच्या सरासरीकडे नव्हे, त्या मंडळाच्या स्वतःच्या उपग्रह चित्राने सुचवलेल्या आकड्याकडे ओढावे. बॅटीज, हार्टर आणि फुलर यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या १२ काउंट्यांत (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांत) मका आणि सोयाबीनच्या क्षेत्रासाठी हेच केले. लँडसॅट उपग्रहाची चित्रे आणि शेतातल्या थोड्या नोंदी एका प्रतिमानात (मॉडेलमध्ये) बसवून, काउंटीचा घटक आणि काउंटीच्या आतला घटक वेगळे काढून, प्रत्येक ठिकाणी कुणाचे किती ऐकायचे हे सामग्रीलाच ठरवू दिले. आपल्याकडे उपग्रहाच्या आकड्याला अमुक टक्के भारांकन असे आधीच ठरवून सगळीकडे सारखे लावले जाते. दोन प्लॉट झालेल्या मंडळाला आणि दहा प्लॉट झालेल्या मंडळाला एकच टक्केवारी, याला कुठलाही हिशेब आधार देत नाही.

म्हणून मागणी एवढीच. मंडळाच्या सरासरीबरोबर तिची प्रमाण त्रुटी आणि गावांची संख्या छापा. आणि शेतकऱ्याचे नाव व गट क्रमांक गाळून प्लॉटनिहाय फाइल खुली करा, म्हणजे तालुक्याच्या महाविद्यालयातला संख्याशास्त्राचा विद्यार्थीही वर दिलेली आकडेमोड करून पाहील. रकाने फार नकोत: मंडळ, गावाचा जनगणना संकेतांक, प्लॉटचा क्रमांक आणि मापे, पेरणीची आणि कापणीची तारीख, वाण, ओले वजन, ओलाव्याची टक्केवारी, निवडलेलेच शेत की बदली शेत, आणि वजन कुणी केले त्याचा संकेतांक. या शेवटच्या दोन रकान्यांवाचून फाइल आली, तर वरचा निम्मा हिशेब करता येणार नाही.

आपले,
कृषी संख्याशास्त्राचे काही अभ्यासक